मेट्रनबाईंना ‘तू’ म्हटलं, त्याची हकिगत

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही पडत नव्हती. अब्बांची पिंजण वाजली की दिवस सुरू. अब्बा पिंजारी. आढ्याला दोरीनं टांगलेलं ते भलंमोठं धनुष्य, त्याला ताणून बांधलेली तात, आणि अब्बांच्या हातात लाकडी दस्ता. दस्ता तातेवर बसला की ट्यांव् ट्यांव् असा आवाज घुमायचा आणि समोरच्या ढिगातला दडपलेला कापूस उडून हलका होऊन खाली बसायचा. अम्माच्या केसांत कापूस, पिठात कापूस, भाकरीवरसुद्धा एखादा तंतू. पाहुणे भाकरीवरून बोटानं तो उचलायचे, आम्ही तसाच खायचो. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या त्या गल्लीत, आमचं घर कुणी पत्ता विचारून शोधलं नाही. आवाजाच्या मागे आलं की आमचं दार. घरात बोली दोन. रागात हिंदी, मायेत वऱ्हाडी. अम्मा बहुतेक हिंदीच बोलायची, यावरून काय ते समजा.

मग ती वर्षं आली. एका साली पाऊस आलाच नाही, दुसऱ्या साली आला तो थांबेना, आणि त्यानंतर बोंडं धरायच्या वेळेला अळी पडली. खेड्यातले लोक कापूस विकून दिवाळीनंतर आमच्याकडे यायचे, लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायला. बैलगाडी दारात उभी राहायची, बायका खाली उतरून खोळीचं कापड अम्माला दाखवायच्या, लाल फुलांचं का निळ्या, यावर अर्धा दिवस जायचा. ते सगळं बंद झालं. लग्नंच लांबली तर गादी कुठली! जिनिंगचा भोंगा वाजेनासा झाला. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकर थापताना कडेनं चिरायची आणि अम्मा तव्यालाच शिव्या द्यायची. अब्बा रोज सकाळी पिंजणीवरची धूळ पुसायचे, तात बोटानं एकदा छेडायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. बसायचे म्हणजे काय, त्यांचा उजवा हात मांडीवर आपला ठोके देत राहायचा. त्यांना ते कळतही नसे. अम्मा झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. आणि माझ्या पायाला भिंगरी. मॅट्रिक होऊन घरी बसलेली पोरगी मी. या दारातून त्या दारात, छपरावर, पुन्हा खाली. आवाजात वाढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही हो. अजूनही माझ्या खोलीत पंखा बंद झाला की मी उठून बसते.

समोरच्या घरात एक खोली घेऊन रूथबाई राहायच्या. उभा जन्म त्यांनी मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढला होता, अमरावतीच्या पुढे, नागपूरच्या रस्त्याला. नवरा, सॅम्युएलराव, तिथंच कंपाउंडर. ते वारले, बाई निवृत्त झाल्या आणि भाचीजवळ म्हणून अकोल्याला आल्या. भाची नवऱ्याच्या बदलीबरोबर दूर गेली, बाई मात्र राहिल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, कमरेला किल्ली. बाजारात जाताना स्वतःच्या खोलीला स्वतः कुलूप लावायच्या, ओढून पाहायच्या आणि निघायच्या. कुणाला विचारणं नाही, कुणाला सांगणं नाही. आपल्या दाराला आपणच कुलूप लावणारी बाई मी तोवर पाहिलीच नव्हती. मी ओट्यावर बसून ते कुलूप लावणं पाहायची, जसं लोक सिनेमा पाहतात.

मी त्यांचं पाणी भरायला लागले आणि त्यांनी मला इंग्रजी द्यायला सुरुवात केली. ‘शिकवायला’ म्हणत नाही मी, त्या देतच होत्या. त्यांचं इंग्रजी दोन ठिकाणांहून आलेलं होतं. ज्या गोऱ्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली त्या वाढल्या तिच्याकडून उच्चार आले, आणि शब्द आले प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकातून. मधलं, रोजच्या वापराचं, बाजारचं इंग्रजी त्यांना कुणी दिलंच नव्हतं. पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक! मला वाटलं, हेच खरं इंग्रजी, शाळेतलं आपलं असंच.

पहिला धडा ‘द’चा. शाळेत आम्ही सगळीकडे ‘धी’ म्हणायचो. धी काऊ, धी बुक, धी किंग. मास्तरच तसं म्हणायचे. रूथबाईंनी माझा पहिला ‘धी’ ऐकला आणि जीभ टाळूला लावून ‘चक्’ केलं.

“दातांत जीभ धर,” त्या म्हणाल्या. “बाहेर. अजून थोडी. लाजतेस काय? आता श्वास सोड. द. द बेड. द पेशंट. हं. आता पुढचा शब्द अ, इ, ओ असा तोंड उघडून सुरू होत असेल तर ओठ पसर. दी आय. दी इअर. दी ऑपरेशन.”

“दी ऑपरेशन,” मी म्हटलं.

“आता द डॉक्टर.”

“धी डॉक्टर.”

“चक्!”

मी घरी येऊन भाकरी थापता थापता सराव करायची. जीभ बाहेर, श्वास, द. जीभ बाहेर, श्वास, द. अम्मानं एकदा पाहिलं आणि उलथनं उगारलं.

“जबान अंदर ले! शरम नहीं आती? बाप के सामने कुत्ते जैसी जबान निकाल के बैठी!”

“अम्मा, ये ‘द’ है.”

“‘द’ है तो मुँह के अंदर रख!”

ओट्यावरून अब्बांनी ऐकलं. त्यांना काही उद्योग नव्हताच. “मले दाखव,” म्हणाले. मी दाखवलं. त्यांचे पुढचे खालचे दात पडलेले, त्यामुळे जीभ आपोआपच बाहेर यायची. पहिल्याच झटक्यात असा सुरेख ‘द’ निघाला की रूथबाईंनी खिडकीतून टाळी वाजवली. “भाईजान पास!” म्हणाल्या. त्या दिवशी अब्बा किती दिवसांनी हसले होते. अम्मासुद्धा पदर तोंडावर घेऊन आत गेली, ती हसायलाच. पण मला मात्र एक खोड लागली. कुठं कुणी ‘धी’ म्हटलं की माझी जीभ आपली आपण टाळूला लागायची. रेशनच्या दुकानात, गल्लीतल्या कॉलेजच्या पोट्ट्यांत, कुठंही. चक्.

आणि मग ‘दाऊ’ आलं. आपण कसे आहात, हे इंग्रजीत कसं विचारायचं, असं मी एक दिवस विचारलं. रूथबाई म्हणाल्या, “हाउ आर्ट दाऊ.” जेवलात का? “हॅस्ट दाऊ ईटन.” मी म्हटलं, बाई, शाळेत तर ‘यू’ सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “यू बाजारात. प्रार्थनेत दाऊ.” एवढंच बोलल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. मला आठवतं, चहाचा वास येईपर्यंत मी तिथंच बसून विचार करत होते. ‘यू’ मला आधीपासूनच अर्धवट वाटायचं. राष्ट्रपतीलाही यू आणि बकरीलाही यू, हे काय! पण ज्याला प्रार्थना करतात तो सगळ्यांत मोठा. त्याच्यासाठी जो शब्द राखून ठेवला, तो मानाचाच असणार. सरळ हिशेब होता.

तुम्ही म्हणाल, पोरी, तुझ्या घरी अल्लाला काय म्हणायचे? तूच म्हणायचे की! हो, पण आमच्या वऱ्हाडात तू कुणाला नाही? अल्लाला तू, आईला तू, आजोबाला तू, बकरीला तू. त्यात ना मान ना अपमान. ‘तुमी’ होतं, पण ते लांबच्या माणसाला, व्याह्याला, तहसीलदाराला. जवळच्याला तुमी म्हटलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. माझी सून पुण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा मला ‘अहो आई, तुम्ही बसा’ म्हणायची. पहिलं वर्षभर मला वाटत होतं, पोरगी माझ्यावर रागावलीय, आता कुणाकरवी समजूत काढू? तर सांगायचं काय, मान कोणत्या शब्दात ठेवलेला असतो हे मला घरात कधी कळलंच नव्हतं. तो शब्द मला इंग्रजीत सापडला, असं वाटून मी खूश होते.

त्याच उन्हाळ्यात धामणगाव रेल्वेहून स्थळ आलं. अब्बांच्या चुलतबहिणीचं सासर, धान्याचा धंदा, मुलगा शांत, निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि खरं सांगते, तीच माझी अडचण होती. अम्मा म्हणाली, दोन वेळच्या भाकरीचं घर आहे, त्या घरात ज्वारी लाल नसते. माझी मात्र झोप गेली. मी रूथबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, माझ्या जुन्या दवाखान्यात नर्सिंगसाठी मुली घेतात. राहणं, जेवण तिथंच. मेट्रनबाई मुलाखत घेतात, इंग्रजीत. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मांडीवरचा हात क्षणभर थांबला.

“ईदच्या आदी धामणगाववाल्याईले जवाब द्या लागते,” ते म्हणाले. “तोवर तुयं काम झालं त जाय. नाई झालं त मंग मले काही म्हनू नोको.”

झालं. उरलेले दिवस मी जीभ दातांत धरून गल्लीत येरझारा घातल्या.

मुलाखतीला मी आणि अब्बा गेलो तेव्हा रोजे सुरू होते. ऊन असं की पॅसेंजरच्या खिडकीचा गज धरवत नव्हता. बडनेऱ्याला उतरून अमरावती, तिथून नागपूरकडची एस.टी. गाडीत मोझरीच्या आश्रमाला जाणारी भजनी मंडळी होती, मांडीवर खंजिऱ्या. शेजारच्या म्हाताऱ्या बुवांनी अब्बांपुढे केळं धरलं. अब्बा म्हणाले, “रोजा हाय, बाप्पा.” बुवांनी केळं पिशवीत टाकलं, आणि आम्ही उतरेपर्यंत स्वतःही खाल्लं नाही. मी मात्र काळजीत होते ती जिभेच्या. पाण्याचा थेंब नाही, जीभ कोरडी ठक्क. दातांत धरली की चिकटून बसायची. ‘द’ काही सुटेना. मी तोंड फिरवून खिडकीकडे पाहत सराव करत होते, तर खाली रस्त्यावर चालणारा एक माणूस रागानं माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, मी वेडावून दाखवतेय.

दवाखाना बैठा, कौलारू, पुढं लांब व्हरांडा. फिनेलचा वास. अब्बांना बाहेर कडुनिंबाखाली बसवलं आणि मला आत बोलावलं. मेट्रनबाई उंच, ताठ, पुण्याकडच्या. डोक्यावर पांढरी टोपी. कोपऱ्यात एक तरुण सिस्टर पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसली होती. मेट्रनबाईंनी समोरच्या खुर्चीकडे हात केला.

“सिट ऑन धी चेअर.”

“चक्,” माझी जीभ म्हणाली.

मी नाही म्हटलं, शपथेवर सांगते. तिचं तिनंच म्हटलं. मेट्रनबाईंनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे.

“पाल आहे का गं इथं?” त्यांनी सिस्टरला विचारलं.

“दिसत नाही, मॅडम.”

मी ओठ घट्ट मिटून खुर्चीवर बसले. नाव विचारलं, गाव विचारलं. व्हाय डू यू वॉन्ट टू बी अ नर्स? त्याचं उत्तर मी पाठ केलं होतं आणि ते उत्तम गेलं. ‘द’च्या जागी द, ‘दी’च्या जागी दी, एकही चुकलं नाही. मधेच त्या दोनदा ‘धी’ म्हणाल्या, मी जीभ दाढेखाली दाबून धरली. मेट्रनबाईंची मान हलायला लागली होती. खूश होऊनच त्यांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का? आता बघा, आमच्याकडे कुणाच्या घरी बसलो आणि जेवणाचं विचारलं नाही तर ते शोभत नाही. समोरची बाई मोठी, दवाखान्याची मालकीण म्हणा ना. मी ताठ बसले आणि माझ्याजवळचा सगळ्यांत चांगला शब्द काढला.

“हाउ आर्ट दाऊ, मॅडम? हॅस्ट दाऊ ईटन?”

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं.

“काय म्हणालीस?”

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. कोपऱ्यातल्या सिस्टरनं पट्टीची गुंडाळी तोंडात कोंबली, तरी तिचं हसू बाहेर आलंच.

“अगं, हे देवाला म्हणतात,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मी देव आहे का?”

“नाई जी,” माझं इंग्रजी संपलं होतं. “पन तुमी मोठ्या हायेत नं, म्हनून मोठा शब्द देल्ला.”

“मोठा? जुन्या इंग्रजीतलं तू आहे ते. तू म्हणालीस मला. तू! रूथ सिस्टरकडून आलीस ना? त्यांच्या वेळचं होतं ते. आता नवे डॉक्टर आहेत, भराभर ऑर्डरी देतात. तू त्यांना हे असलं बोललीस तर काय होईल? बस बाहेर. सांगते नंतर.”

व्हरांड्यात आले तेव्हा कान तापले होते. ‘नंतर’चा अर्थ मला कळत होता. कडुनिंबाखाली अब्बा उभे राहिले, मी मान हलवून ‘थांब’ म्हटलं आणि दुसरीकडे पाहिलं. धामणगावचं घर मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. स्वच्छ, सारवलेलं, भरल्या पोत्यांच्या वासाचं. तिथं मी दिवसभर काय करणार? बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, मुसमुसत. दुष्काळी कामावर खडी फोडताना बोटावर हातोडा बसलेला, वर मळकी चिंधी. मला बसवेना. एका जागी बसवतच नव्हतं त्या दिवशी.

“काहून रडून रायली व माय?” मी म्हटलं. “हात खाली कायले सोडला तू? खाली सोडला का जास्त ठनकते. वर धर. ठेव माह्या खांद्यावर.”

तिनं ठेवला. मी मनगटाला धरून उभी राहिले. “तुये पोरं कोठी हायेत?” “गेले बाई सुरतीले.” “मंग तू एकटीच आली? पायी?” असं आमचं चाललेलं. एवढ्यात मागून आवाज आला.

“आजीच्या वयाची बाई आहे ती. तिलाही तू?” मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. “मला देवाचं तू, हिला घरचं तू. तुला तुम्ही म्हणता येतं की नाही?”

मी काही बोलायच्या आत म्हातारीच उसळली. “ओ बाई, तिले काहून बोलून रायल्या? तुमी म्हनायले मी का तिची व्याहीन हाव? लेकीवानी हात धरला पोरीनं. तुमीच पाहा नं बोट, सकाळपासून बसली मी!”

मेट्रनबाईंनी तिचं बोट पाहिलं. सिस्टरला हाक मारली, पट्टी सांगितली. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचा आवाज हळू होता.

“एक महिना वॉर्डात आयाच्या हाताखाली राहा. मराठीत सगळ्यांना तुम्ही, इंग्रजीत सगळ्यांना यू. महिन्यानं पुन्हा ऐकते. तोंड सुधारलं तर ट्रेनिंगला घेईन, नाही तर घरी. सोमवारी अंथरूण घेऊन ये.”

महिना! आणि ईद त्याच्या आत होती. म्हणजे मला घेतात की नाही हे कळायच्या आधीच अब्बांना धामणगाववाल्यांना उत्तर द्यावं लागणार. हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते कडुनिंबाची काडी मोडत होते. मोडतच राहिले. परतीच्या गाडीत बडनेरा ते अकोला खिडकीच्या कडेवर त्यांची बोटं वाजत होती, बाजूचा माणूस शेवटी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

घरी अम्मा ऐकून थक्क. “आया? पिंजारी की बेटी लोगों का हगना-मूतना उठाएगी? और महीने बाद बोलेंगे कि घर जा, तो? फिर धामणगाववाले बैठे रहेंगे क्या तेरे वास्ते?” यात खोटं काही नव्हतं. मी उठून रूथबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, पालीपासून. पालीला त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पण पुढचं सांगितलं तसं हसू थांबलं. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या.

“चूक तुझी नाही,” म्हणाल्या. “मला ते बाहेर कुणाशी बोलायची वेळच आली नव्हती, तर चालतं की नाही हे कसं कळणार? सॅम्युएलरावांशी बोलायची मी. चारचौघांत नवऱ्याला तू कसं म्हणणार? अहोच म्हणावं लागे. मिशनचं कंपाउंड ते, भिंतीला भिंत, साऱ्यांचे कान आमच्याकडे. मग ते जेवायला आले की मी इंग्रजीत विचारायची, हॅस्ट दाऊ ईटन? आणि ते म्हणायचे, नॉट विदाउट दी. म्हणजे, तुझ्याशिवाय नाही. लोकांना वाटायचं, किती धार्मिक जोडपं, सारखं प्रार्थना करतं.”

आणि हसल्या. असं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं, सोळा वर्षांच्या पोरीसारखं. माझ्या अंगावर काटा आला, एवढं आठवतं.

मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्या म्हणाल्या, “चल. यू. हाउ आर यू. मी पण म्हणते, मलाही शिकायचंय.” आणि आम्ही दोघी संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानपर्यंत यू यू करत बसलो. माझ्यापेक्षा त्याच जास्त चुकल्या. एकदा तर मीच ‘चक्’ केलं.

धामणगाववाले आले ते सोमवारच्या आदल्या दिवशी. मुलाचे चुलते आणि मामा, दोघंच. शेवयांची पिशवी बरोबर, खास अब्बांच्या चुलतबहिणीच्या हातच्या. रोजा सोडला, खजूर झाले, बेसन-भाकर झाली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. माझ्या पायाची बोटं फरशीवर चुळबूळ करत होती, अम्मानं दोनदा माझ्या पायावर पाय दिला.

“फिर भाईजान, ईद के बाद की तारीख रखें?” चुलते म्हणाले.

अब्बा पाणी प्याले. पेला खाली ठेवला.

“लड़की काम पे जा रही है,” म्हणाले.

“कौनसे काम पे?”

“वो अभी पक्का नहीं. महीने बाद मालूम पड़ेगा.”

“महीना कौन रुकता है, भाई? दूसरी जगह भी बात चल रही है हमारी.”

“हाँ,” अब्बा म्हणाले. “मत रुको. लड़का अच्छा है तुम्हारा. उसको अच्छी मिलेगी.”

भांडण नाही, आवाज नाही. पाहुणे उठले, अब्बांनी त्यांना स्टेशनपर्यंत पोचवलं. शेवया तिथंच राहिल्या. अम्मानं त्या डब्यात ठेवल्या आणि मी निघेपर्यंत कुणाशी बोलली नाही, माझ्याशी तर मुळीच नाही. अब्बा परत आले तेव्हा मी ओट्यावर होते. मी विचारलं, अब्बा, मला नाही घेतलं तर?

ते टोपी काढून शेजारी बसले. मग वऱ्हाडीत बोलले.

“मी हातावर हात देऊन बसलो घरात, पाहून रायली ना तू? हे दुखनं हाय. मले लागलं, लागू दे. मी म्हातारा हाव. तुले नाई लागू देत.”

महिन्यानं मेट्रनबाईंनी मला घेतलं, हे सांगून टाकते, उगाच ताणत नाही. पुढं त्याच मेट्रनबाईंच्या हाताखाली मी परीक्षा दिल्या, वॉर्ड सांभाळले, इंजेक्शनं तर किती दिली असतील! खेड्यातल्या बायांना ‘तुम्ही’ म्हणायची सवय लावून घेतली. त्या पहिल्यांदा दचकायच्या, मग त्यांनाही सवय झाली. अब्बांची पिंजण त्या वर्षानंतर पुन्हा थोडीबहुत वाजली, आणि मग मशीन आली. पण मला सांगायचा होता तो सोमवार.

अब्बा माझं अंथरूण डोक्यावर घेऊन आले होते. घरात उरलेला चांगला कापूस घालून त्यांनी ती गादी भरली होती, खोळ निळ्या फुलांची. गेटपाशी चौकीदारानं अडवलं. व्हरांड्यातून मेट्रनबाई आल्या. अब्बांनी गादी खाली ठेवली, टोपी नीट केली. जन्मापासून मी त्यांची शम्मी. ‘शम्मे, इकडं ये’, ‘शम्मे, काहून रडून रायली’, याशिवाय दुसरी हाक मी ऐकली नव्हती.

“सलाम, बाईसाहब,” अब्बा म्हणाले. “ये शमीमबी हैं. ये आपके यहाँ काम करेंगी.”

मी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग ते माझ्याकडे वळले. हात पुढे आला, डोक्यापर्यंत न जाता मधेच थांबला.

“अच्छा, शमीमबी. तुम अंदर जाओ. धूप है.”

व्याह्याशी बोलावं तसं. मेट्रनबाईंच्या दारात आपली पोरगी कुणी लहान दिसू नये म्हणून, हे मला आज कळतं. तेव्हा काहीच कळलं नाही. एवढंच वाटलं की निकाह न होताच माझी पाठवणी झाली. ते निघालेसुद्धा. पाठ ताठ, रस्त्याच्या कडेनं, एस.टी.च्या थांब्याकडे. मी गादी छातीशी धरून गेटच्या आत उभी. मेट्रनबाई शेजारीच होत्या, त्यांची अट मला तोंडपाठ होती, तरी मी ओरडले, गल्लीत ओरडायची तशी.

“अब्बा! पानी पिऊन जाय नं तू!”

रोजा होता. ते पाणी कुठून पिणार? पण ते थांबले. वळले. भर उन्हात रस्त्यात उभं राहून त्यांनी मला पाहून घेतलं, आणि मोठ्यानं, चौकीदाराला ऐकू जाईल असं, म्हणाले, “तू पानी पेजो व, शम्मे!”

मी बाजूला पाहिलं. मेट्रनबाई कमरेच्या जुडग्यातली किल्ली शोधत होत्या. सापडायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी गादीचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही आत गेलो.